बारमाही परसबाग आणि घरचे पंचांग

कांदा, बटाटा, गाजर, मुळा आपल्या स्वयंपाकघरात येत नाहीत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य, चातुर्मासात पालेभाजीचा त्याग. इतके नियम पाळणाऱ्या घराला परसबागेचा उपयोग तो किती, असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. सांगलीतील आमच्या घरामागे 10 फूट रुंद व 15 फूट लांब जागेत सहा वर्षे भाजी पिकविल्यावर मला वाटते, की आपले नियम आणि येथील ऋतुचक्र यांचा मेळ चांगला बसतो. मात्र पेरणी करताना पंचांग समोर असावे लागते. हे मी एका चुकीतून शिकले.

पहिल्या वर्षी मृगाचा पाऊस पडताच भेंडीची सारी रोपे एकदम धरली. पेरणीपासून 45 ते 50 दिवसांत भेंडी तोड्यास येते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. अन्यथा ती जून होते. आमचा ऐन बहर दशलक्षण पर्वात आला. दहा दिवस कोणी झाडाला हात लावला नाही. पर्व संपले तेव्हा काठीसारख्या टणक शेंगा लटकत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “अगं, दुकानात माल भरताना सण बघतेस, मग वाफ्यात बी टाकताना का नाही बघितलंस?”

तेव्हापासून पेरणीचे तीन भाग केले. मृगात दोडका, दुधी, कारले आणि काकडी यांचे वेल मांडवावर चढवावेत. पावसाळी ओलीत पालेभाजीवर किडी फार वाढतात. त्या काळात ती न लावणे हे व्रताच्या व बागेच्या दोहोंच्या हिताचे. भेंडीचा दुसरा हप्ता श्रावण शुद्ध पक्षाच्या आरंभी पेरला, की पहिला तोडा अनंत चतुर्दशीच्या पुढे येतो.

कार्तिकी पौर्णिमेनंतर पालेभाजीचे दिवस. मेथी 25 ते 30 दिवसांत तयार होते. पालक मुळासकट न उपटता वरून कापावा, म्हणजे पुन्हा फुटतो आणि मातीही ढवळली जात नाही. टोमॅटोची रोपे पावसाळा सरता सरता लावून थंडीतच फळे घ्यावीत. तापमान 35 अंशांच्या वर गेले की त्याची फुले गळतात. घेवडा व वालपापडीलाही हीच हवा मानवते.

उन्हाळ्यासाठी माघ-फाल्गुनात गवार, चवळी व भेंडी पेरावी. सांगलीचा पारा चाळिशीजवळ जातो, म्हणून कोवळ्या रोपांवर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी, बुडाशी वाळलेला पाला पसरावा आणि पाणी सकाळीच द्यावे. कढीपत्ता आणि शेवगा एकदा लावले की वर्षानुवर्षे साथ देतात.

खरा कसोटीचा प्रश्न किडींचा. रासायनिक औषध तर नकोच. पण चिकट पिवळे सापळेही जीव घेतातच. निंबोळी अर्क निरुपद्रवी समजला जातो, तथापि तो किडींची वाढ रोखतो, म्हणून आम्ही तोही वर्ज्य केला. उरतो तो मार्ग अटकावाचा. रोपे दाट लावू नयेत. पालेभाजीच्या वाफ्यावर पेरणीच्या दिवसापासूनच बारीक जाळी असावी. वेलांना मात्र जाळी चालत नाही, कारण परागीकरणास कीटक हवेत. तेथे फळ बोटाएवढे होताच त्यावर कागदी पिशवी बांधावी, म्हणजे फळमाशी अंडी घालू शकत नाही. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. फळ धरत नसेल तर त्या वेळी नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला हलकेच लावावेत. मादीफुलामागे इवलासा दुधी दिसतो, तीच त्याची ओळख.

इतके करूनही काही भाजी किडी खातातच. ती तूट मी वहीत खर्चाच्या बाजूला मांडते. सासूबाईंना हा हिशेब पटला आहे. मुलाला अजून पूर्ण पटलेला नाही, कारण त्याच्या आवडीचे टोमॅटो दरवर्षी थोडे कमीच पडतात.

तिथीचा प्रश्न सोपा आहे : आदल्या दिवशी तोडणी उरकावी. दशलक्षणात जून होणारी भेंडी आता वाया जात नाही. शेंगा झाडावर पिकू दिल्या, तर झाडाची नवी फळे कमी होतात. म्हणून बियाण्यासाठी दोनच झाडे राखावीत. त्यांच्या वाळलेल्या शेंगांतील बी आम्ही कागदाच्या पुड्यांत भरतो आणि दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर नातलगांना देतो. गेल्या वर्षी इचलकरंजीच्या नणंदबाईंनी त्यातलेच बी पेरले. त्यांच्या गच्चीवरील कुंड्यांत भेंडी आमच्याहून सरस आली.