आकडा आणि घाम

चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार होतं. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ रुसून बसतो. पाझरलेलं पाणी वाळलं तरच गारवा! माणसाचं शरीरही असाच एक माठ आहे. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो.

जमिनीखालच्या खाणीत नेमकं हेच अवघड. खोल जावं तसा खडक तापलेला. वरून सोडलेली हवाही दाबली जाऊन दर 100 मीटरला सुमारे 1 अंशाने तापते. त्यात धूळ बसावी म्हणून पाणी फवारायचं, म्हणजे दमटपणा आलाच. म्हणून इथे साध्या तापमापकावर विसंबत नाहीत. त्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळतात. आपल्या 2017 च्या कोळसा खाण विनियमांतली मर्यादा या ओल्या तापमापकाचीच आहे: 33.5 अंश सेल्सियस. पारा 30.5 च्या वर गेला, की सेकंदाला निदान 1 मीटर वेगाने हवा खेळती ठेवायची.

आकडा एक, पण अंगं सारखी नसतात. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत 1924 साली उष्माघाताने मजूर दगावले. पुढे तिथे नवख्यांना तापवलेल्या दमट खोलीत रोज पायरीवर चढ-उतर करायला लावून उष्म्याची सवय करवत. सवय होते, हे खरं. घाम लवकर आणि भरपूर सुटू लागतो. पण काही आठवडे गावी राहिलं की ती उतरते. लग्नकार्य उरकून परतलेला जुना गडीही मग नवखाच.

मी बँकेत आयुष्य काढलं. कर्जाची मर्यादा फायलीत आम्ही लिहीत असू. तिला अर्थ यायचा तो काउंटरवरच्या कारकुनाला चेक परत करण्याचा अधिकार होता म्हणून. खाणीतही तेच. तापमापक कोण वाचतो, आणि 34 दिसल्यावर उत्पादन बुडणार हे ठाऊक असूनही "चला वर" म्हणायची मुभा कुणाला आहे? ज्याला उष्माघात होतो, तो स्वतः सांगेल ही आशा फोल. त्यात माणूस भ्रमिष्टासारखा होतो. म्हणून काम थांबवायचा अधिकार शेजारच्या सोबत्यालाही हवा, आणि त्यापायी कुणाचा रोज कापला जाणार नाही, ही हमीही. नाहीतर 33.5 हा आकडा वहीतच राहील.