आडवी सायकल : भंगारातून उभी राहणारी

आडव्या सायकलचे नाव काढले की ऐकणारा प्रथम हसतो. निजून सायकल चालवायची तर मग झोप कधी घ्यायची, असा प्रश्न आम्हांस धुळ्याच्या मार्केट यार्डात एका हमालबंधूने विचारला होता. नावात थोडी फसगत आहे हे खरे. ह्या वाहनावर कोणी निजत नाही. आरामखुर्चीत बसतो तसे पाठ टेकून बसायचे, पाय खाली लोंबू न देता समोर पसरायचे आणि पायडल समोरच्या बाजूस मारायचे, इतकाच फरक. चाके दोनच, साखळी तीच, तेल तेच. परंतु बसण्याची रीत बदलली की यंत्राचा सगळा स्वभाव बदलतो, आणि तो कसा बदलतो हे समजून घेण्याजोगे आहे.

आम्ही ह्या विषयात पडलो ते हौसेने नव्हे. पाठीवर पोती वाहून ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्यात आमचे काम. माथाडी व हमाल कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, मजुरीचा हिशेब लागला. पण वाकलेली पाठ कोणत्याही कायद्याने सरळ होत नाही. आमच्या संघटनेतील एका वयस्क हमालास साध्या सायकलवर पुढे वाकून मनगटांवर भार देणे असह्य झाले होते. घर गावाबाहेर, रिक्षा रोज परवडणारी नाही. सायकल सुटली म्हणजे यार्डही सुटणार, हे सरळ दिसत होते. तेव्हा बंद पडलेल्या एका मिलमधील जुना फिटर आणि आम्ही असे मिळून कामास लागलो. पाठीचे दुखणे ह्या सायकलने बरे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते वैद्याचे काम. मनगटावरचा आणि बैठकीच्या चिंचोळ्या टोकावरचा भार मात्र निघून जातो आणि सगळी पाठ टेकते, एवढे निश्चित.

आता कोणी म्हणेल, ही एवढी सोयीची वस्तू असेल तर दुकानात का नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर पॅरिसमध्ये सापडते. तेथे पॅरिसलगतच्या प्युतो गावी शार्ल मोशे नावाचा एक कारागीर पायडलवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या करीत असे. पुढे त्याने तीच बैठक दोन चाकांवर बसवली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर नावाच्या, पहिल्या फळीत न गणल्या जाणाऱ्या स्वाराने त्या यंत्रावर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडले. त्यापूर्वीचा उच्चांक ऑस्कर एगचा, ४४.२४७ किलोमीटरचा, १९१४ सालापासून कोणाला हललेला नव्हता. दुय्यम मानलेल्या स्वाराने आडव्या यंत्रावर तो हलवला, आणि गडबड उडाली. ही सायकलच नव्हे असा ओरडा झाला. शेवटी १९३४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघाने सायकल कशास म्हणावे त्याची मापे बांधली. बैठक पायडलच्या आसाच्या किती मागे असावी हेसुद्धा त्यात आले. आडवी सायकल शर्यतीतून बाहेर गेली. मोशेही त्याच वर्षी वारला.

आमचा अनुभव कारखान्यातल्या नियमांचा आहे, आणि नियमाची भाषा वाचताना तो कोणाच्या सोयीचा हे आधी पाहावे अशी आम्हांस खोड लागली आहे. शर्यतीत सर्वांची यंत्रे सारखी असावीत हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण शर्यतीत जे दिसते तेच कारखानदार विकतो आणि तेच आपण विकत घेतो. त्यामुळे शर्यतीपुरता केलेला नियम हळूहळू बाजाराचा नियम झाला. फोरने १९३९ साली हवा कापणारे आवरण घालून तासाला ५० किलोमीटरचा टप्पाही ओलांडला, तरी दुकानात काही फरक पडला नाही. २०१६ साली अमेरिकेत नेवाडा प्रांतात अशाच पूर्ण झाकलेल्या आडव्या यंत्राने सपाट रस्त्यावर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला, निव्वळ पायांच्या जोरावर.

हा वेग येतो कोठून? पायात नवे बळ येत नाही. वाऱ्याशी भांडण कमी होते. आपल्या खानदेशी श्रोत्यास हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. जळगावाहून एरंडोल, पारोळे करीत धुळ्यास जाणारा रस्ता सुमारे ९५ किलोमीटरचा. उन्हाळ्याच्या अखेरीस पश्चिमेचा वारा सुटला की त्या रस्त्यावर सायकलवाला जागच्या जागी पायडल मारतो आहे असे वाटते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. गणित असे आहे : हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा पडलेला असताना तुम्ही ताशी १५ किलोमीटरने जात असाल आणि समोरून ताशी २० चा वारा सुटला, तर अंगावर येणारी हवा ३५ ची होते. रोध दुप्पट-अडीचपट नव्हे, जवळजवळ साडेपाच पट होतो. साध्या सायकलवर छाती, पोट आणि वाऱ्याने फुगलेला सदरा अशी सगळी भिंत समोर उभी असते. आडव्या बैठकीत समोरून प्रथम तळपाय दिसतात, मागे सगळे अंग त्यांच्या आडोशास जाते. भिंत लहान झाली, भांडण कमी झाले.

चढावर मात्र उलट. लळिंगच्या चढावर साधा सायकलवाला उठून उभा राहतो आणि सगळ्या अंगाचे वजन पायडलवर टाकतो. येथे उभे राहताच येत नाही. जे करायचे ते मांड्यांनी. म्हणून मागचे फ्रीव्हील १८ दात्यांचे असेल तर ते काढून २२ दात्यांचे घालावे. वेग थोडा जातो, गुडघे वाचतात.

आता बांधणी. दोन सायकली लागतात : एक मोठी अठ्ठावीस इंची, तिचा मागचा भाग हवा, आणि एक लहान मुलाची वीस इंची, तिचा पुढचा. दोन्ही भंगारात वजनावर मिळतात. आपल्याकडे दर घरामागे एक तरी सायकल अंगणात गंजत असते. अॅटलस हे नाव १९५१ पासून खेडोपाडी पोचलेले. त्या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, तोही नेमका जागतिक सायकल दिनी. त्यांच्या जुन्या फ्रेमी आजही धडधाकट निघतात. फ्रेम घेताना नळ्यांच्या सांध्यांपाशी रंगाखाली बारीक चीर आहे का ते उन्हात धरून पाहावे. वाकून सरळ केलेला चिमटा फुकट मिळाला तरी घेऊ नये. तो मोडतो तेव्हा सांगून मोडत नाही.

लहान सायकलचे हँडल ज्या नळीत फिरते ती नळी आणि तिचा चिमटा जसाच्या तसा कापून घ्यावा, आणि नव्या गाडीत जमिनीशी त्याच कोनात बसवावा. ह्या कोनावर सायकल आपोआप सरळ धावणे अवलंबून आहे. वाटेल तो कोन दिला तर गाडी सरळ रेषेत चालत नाही, आणि दोष स्वाराच्या माथी येतो. मधल्या कण्यासाठी दीड इंची चौकोनी लोखंडी पाईप, जाडी दोन मिलिमीटर, पुरेसा होतो. त्यावर पुढून मागे क्रम असा : पुढचे चाक, त्याच्या लगेच मागे पायडल, मग बैठक, मग मागचे चाक. पायडल पुढे आलेले असताना चाक वळवून पाहावे. बोटे चाकास लागत असतील तर पायडल मागे घ्यावे. सरळपणा तपासायला गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी पुरते.

पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो ती नळी मोठ्या फ्रेममधून कापून काढावी लागते. तिच्यातील उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, डाव्या पायडलच्या खुंटीलाही. हे ठाऊक नसलेला माणूस जोर करकरून आटे खलास करतो. कप, छर्रे, आस सगळे काढून मगच आग लावावी.

जोड देण्याबाबत थोडे अधिक सांगितलेच पाहिजे. सायकलची नळी पातळ असते. विजेच्या वेल्डिंगने तिला चटकन भोक पडते. पितळेचा जोड गॅसवर देणारा कारागीर गाठावा. आणि पाण्याचा पांढरा, जस्त चढवलेला पाईप स्वस्त मिळाला म्हणून वापरू नये. जस्त तापले की त्याचा पांढरा धूर निघतो, तो श्वासात गेला की वेल्डरला रात्री थंडी भरून ताप येतो. पुष्कळ वेल्डर तो ताप मलेरियाचा समजून अंगावर काढतात. आपली सायकल व्हावी म्हणून दुसऱ्याचे फुप्फुस खर्ची घालणे बरे नव्हे. काळा पाईप घ्या, आणि काम उघड्यावर करा.

बैठकीसाठी कचेरीतून टाकून दिलेल्या लोखंडी खुर्चीचा सांगाडा आणि त्यावर बाजेची नवार. गादी नको, आपल्या वैशाखात पाठ भिजून निघते, नवारीतून हवा खेळते. पाठ जमिनीशी ५० ते ६० अंशांत कलती ठेवावी. बैठक बोल्टांनी पुढेमागे सरकेल अशी करावी, म्हणजे घरातल्या दुसऱ्यासही चालवता येते. टाच पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, हे माप. आमच्या हमालबंधूसाठी ते माप घेत असताना जमलेल्या पोरांपैकी एकाने विचारले, ‘हाई काय शे भाऊ?’ अपंगांची हातपायडलची तीनचाकी त्याने पाहिली होती; तिचीच ही बहीण, असे सांगताच त्यास उलगडा झाला. ते सांगणे खोटेही नव्हते. पाठ टेकून बसावे आणि यंत्र साखळीने चालवावे, ही कल्पना त्या तीनचाकीच्या रूपाने आपल्या रस्त्यावर फार दिवसांपासून आहे.

साखळी लांब लागते : दोन पुऱ्या आणि वर एक तुकडा. ह्या नव्या घ्याव्यात. जुनी ताणलेली आणि नवी एकत्र जोडली तर दात्यांवर उड्या मारते. टायर आणि ब्रेकचे रबरही नवे. बाकी सगळे जुने चालते. लांब साखळी मध्ये लोंबते, तिला बैठकीखाली बेअरिंगवर फिरणारी एक लहान पुली द्यावी. दांड्यांचे ब्रेक ह्या लांबीला जमत नाहीत, वायरचे बसवावेत. हँडलचा दांडा मागे छातीपर्यंत लांबवावा लागतो, त्यामुळे वळताना हात नावेच्या सुकाणूसारखे बाजूला सरकतात. दोन दिवसांत सवय होते.

शिकताना मैदान निवडावे. पाठ टेकवून, एक पाय उंच पायडलवर ठेवून, पहिला दाब जोराचा द्यावा. हळू सुरुवात केली तर गाडी लोळते. पडलेच तर उंचीवरून पडत नाही. पुढच्या चाकावर भार कमी, म्हणून वाळूत ते घसरते, हे ध्यानात असावे.

महामार्गावर ट्रकवाल्यास ही गाडी दिसत नाही. तेव्हा गावरस्ते धरावेत, आणि मागे बांबूच्या काठीवर माणसाच्या डोक्याइतका उंच झेंडा लावावा. रंग आमच्या आवडीचा असावा असा आग्रह नाही. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवलेले बरे. काळी माती मडगार्ड आणि चाकामध्ये भरून चाक गच्च होते, आणि मग गाडीच आपल्या खांद्यावर येते. साखळी आठवड्यास एकदा चिंध्यांनी पुसून तेल द्यावे. ती दुपटीहून लांब आहे, म्हणून वेळही दुप्पट लागतो.