किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या शलाकांद्वारे गॅमा-किरण वर्णपटविज्ञान

किरणोत्सर्गी समस्थानिकांच्या शलाकांद्वारे गॅमा-किरण वर्णपटविज्ञान ही अल्पायुषी अणुकेंद्रांची संरचना अभ्यासण्याची प्रायोगिक पद्धत आहे. उत्तेजित अणुकेंद्र कमी ऊर्जेच्या अवस्थेत येताना गॅमा किरण उत्सर्जित करते. या किरणांच्या ऊर्जेवरून अणुकेंद्रातील ऊर्जा पातळ्यांमधील अंतर कळते.

पार्श्वभूमी

प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन यांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ असल्यास अणुकेंद्र विशेष स्थिर असते. न्यूट्रॉनांसाठी १२६ ही संख्याही तशीच आहे. यांना ‘जादुई संख्या’ म्हणतात. मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये कवच प्रतिमानाद्वारे त्यांचे स्पष्टीकरण दिले. त्यासाठी त्यांना १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मात्र न्यूट्रॉनांचे प्रमाण फार वाढल्यास या संख्या बदलतात, असे पुढे आढळले. उदाहरणार्थ, मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन असूनही त्याची पहिली उत्तेजित अवस्था केवळ ८८५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे.

पद्धती

अशी अणुकेंद्रे सेकंदाच्या अल्पांशात क्षय पावत असल्यामुळे त्यांचे लक्ष्य बनवता येत नाही. म्हणून त्यांचीच शलाका तयार करतात. स्थिर, जड आयनांची वेगवान शलाका लक्ष्यावर आदळून तिचे तुकडे होतात. चुंबकीय विलगकाने त्यांतील हवी ती अणुकेंद्रे निवडून ती दुसऱ्या लक्ष्यावर सोडली जातात. तेथील अभिक्रियेत निर्माण होणारे गॅमा किरण लक्ष्याभोवतीचे डिटेक्टर टिपतात, तर पुढे जाणाऱ्या अणुकेंद्राची ओळख वर्णपटमापक पटवतो.

शलाकेचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ६० टक्के असू शकतो. त्यामुळे डॉप्लर परिणामाने किरणांची मोजलेली ऊर्जा दिशेनुसार बदलते. अणुकेंद्राचा वेग आणि किरणाचा कोन यांवरून ती दुरुस्त करावी लागते.

कॅल्शियम-५४

जपानमधील वाको येथील रिकेन संस्थेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जस्त-७० च्या शलाकेपासून स्कँडियम-५५ व टायटॅनियम-५६ मिळवून, बेरिलियमच्या लक्ष्यावर त्यांतील अनुक्रमे एक आणि दोन प्रोटॉन काढून कॅल्शियम-५४ तयार करण्यात आले. त्याची पहिली उत्तेजित अवस्था २०४३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर आढळली. कॅल्शियम-५० मध्ये हीच ऊर्जा १०२७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. या वाढीवरून, स्थिर अणुकेंद्रांत न दिसणारी ३४ ही न्यूट्रॉनसंख्या कॅल्शियममध्ये जादुई ठरते, असा निष्कर्ष काढण्यात आला.

महत्त्व

लोहापेक्षा जड असलेल्या मूलद्रव्यांपैकी सुमारे निम्मी न्यूट्रॉनांच्या शीघ्र ग्रहणातून निर्माण होतात. ही प्रक्रिया न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रांमधून पुढे सरकते. त्यामुळे या अणुकेंद्रांच्या संरचनेची माहिती मूलद्रव्यांची उत्पत्ती समजून घेण्यासाठीही आवश्यक ठरते.