माळी, शिपाई आणि विशेषनाम

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात मेव्हागिसी गावानजीक हेलिगन ही ट्रेमेन घराण्याची जहागीर होय. तेथील माळी काचेच्या छपराखाली, घोड्यांच्या लिदीच्या उबेवर, अननस पिकवीत असत. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले. त्या युद्धात येथील माळी शिपाई झाले. कित्येक परतले नाहीत. मनुष्यबळ आटले आणि पुढे बागेत रान माजले.

१९९० मध्ये बागेचा पुन्हा शोध लागला, तेव्हा माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली नावे आणि 'ऑगस्ट १९१४' हा काळ आढळला. 'माळी' हे सामान्यनाम, 'शिपाई' हेही सामान्यनामच. जहागिरीत माणूस कामावरून ओळखला जाई, पलटणीत क्रमांकावरून. भिंतीवर मात्र त्याने आपले विशेषनाम स्वहस्ते लिहिले. त्या नावांच्या आधारेच अभ्यासकांना लष्करी नोंदींतून व गावोगावच्या स्मृतिस्तंभांवरून या माणसांचा माग काढता आला. २०१३ मध्ये इंपीरियल वॉर म्युझियमने त्या खोलीला 'जिवंत स्मारक' म्हणून मान्यता दिली.

तात्पर्य, सामान्य माणसाचे चरित्र जुळविताना असा क्षुल्लक भासणारा भित्तिलेखही ताम्रपटाइतक्याच काळजीने वाचावयास हवा.