चित्रकलेच्या तासाला ॲनिमेशन कसे शिकवायचे?

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एक चित्र बहुधा दोन चौकटी टिकते. म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. ५ सेकंदांसाठी ६०. एकट्या मुलाला हे जड. ३० जणांच्या वर्गात मात्र प्रत्येकी दोनच!

पहिला तास : चार चौकटींत गोष्ट. शब्दांशिवाय शेजाऱ्याला कळली नाही, तर चित्र बदलायचे.

दुसरा तास : मुख्य हालचाली आधी ठरवून मधली चित्रे वाटून घ्यायची. कागदांवर क्रमांक हवेत. खिडकीच्या काचेवर आधीचे चित्र खाली ठेवून, किंचित बदलत नवे काढायचे.

तिसरा तास : मोबाइल न हलवता एकेक फोटो. दादासाहेब फाळके यांनी रोपाची वाढ अशीच, एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली होती.

एक कागद जरी गहाळ झाला, तरी हालचाल अडखळते. म्हणून इथे मागच्या बाकावरच्या मुलाचे चित्रही तितकेच मोलाचे.