आरव्हीसाठी मार्गसाहाय्य सेवा

आरव्हीसाठी मार्गसाहाय्य सेवा म्हणजे निवासाची सोय असलेले वाहन प्रवासात बंद पडल्यास त्याच्या मालकाला जागेवर दुरुस्ती, टायरबदल, इंधनपुरवठा किंवा वाहन ओढून नेणे अशी मदत पुरवणारी सेवा होय. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ या नावाचे संक्षिप्त रूप म्हणून अमेरिकेत अशा वाहनांना आरव्ही म्हणतात. ही सेवा वार्षिक सभासदत्वाद्वारे किंवा वाहनविम्याला जोडलेल्या पूरक संरक्षणाद्वारे मिळते. मोटारींसाठी असलेली सर्वसाधारण सेवा मोठ्या आरव्हीला बहुधा पुरी पडत नाही. त्यामुळे सेवेचे मोल ती आपल्या वाहनाला कितपत लागू पडते यावर अवलंबून असते.

इतिहास

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटार क्लबांची संघटना १९०२ साली शिकागो येथे स्थापन झाली. तिच्याशी संलग्न मिसूरी राज्यातील क्लबने १९१५ साली सेंट लुईस येथे मोटारसायकलस्वार नेमून बंद पडलेल्या मोटारींना मदत देण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास, १९१६ साली, टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे अर्नेस्ट होम्स यांनी वाहने ओढून नेणारा ट्रक विकसित केला.

आरव्हीधारकांमध्ये परस्परसाहाय्याची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली. अडचणीतील सहप्रवाशाला मदत करण्यास आपण तयार आहोत, हे दर्शवणारी चिकटपट्टी वाहनावर लावावी, या एका वाचकाच्या सूचनेतून १९६६ साली गुड सॅम क्लबचा उदय झाला. बायबलमधील परोपकारी शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे या क्लबच्या नावाने सशुल्क मार्गसाहाय्य योजनाही उपलब्ध झाली.

वेगळ्या सेवेची गरज

आरव्हीचे दोन मुख्य प्रकार आहेत: स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम आणि दुसऱ्या वाहनाने ओढले जाणारे ट्रेलर. मोटरहोमचे अ, ब आणि क असे वर्ग मानले जातात. सामान्य मोटारीचे वजन दीड-दोन टन असते, तर अ वर्गातील मोठे मोटरहोम तेरा टनांहूनही अधिक भरू शकते. असे वाहन ओढण्यासाठी अवजड वाहनांचा ट्रक लागतो आणि तो प्रत्येक गावी नसतो.

रचनेमुळेही अडचणी वाढतात. अनेक मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. हवेचा दाब उतरला की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप आवळले जातात. ते रीतसर मोकळे केल्याशिवाय वाहन ओढता येत नाही. ओढताना गिअरबॉक्सची हानी टाळण्यासाठी बरेचदा चाकांना शक्ती पुरवणारा दांडाही सोडवावा लागतो. अननुभवी व्यक्तीने घाई केल्यास मूळ बिघाडापेक्षा मोठा खर्च उद्भवतो. शिवाय अनेक मोठ्या मोटरहोममध्ये स्टेपनी नसते. अवजड टायर बदलणे एकट्या प्रवाशाच्या आवाक्यातील काम नसल्याने योग्य मापाचा टायर घेऊन कारागिरालाच यावे लागते.

अंतर हाही महत्त्वाचा घटक आहे. नेवाडा राज्यातून जाणाऱ्या अमेरिकन महामार्ग क्रमांक ५० वर ईली आणि युरेका या गावांमधील अंतर सुमारे १२५ किलोमीटर आहे. अशा वाटेवर वाहन ओढून नेण्याचा खर्च अंतरागणिक वाढतो.

उपयुक्तता

या सेवेचा लाभ केवळ आर्थिक नसतो. आरव्ही बंद पडली म्हणजे प्रवाशाचे वाहन आणि घर दोन्ही एकाच वेळी अडकतात. वर्षभर आरव्हीतच राहणाऱ्यांसाठी, विशेषतः वृद्ध दांपत्यांसाठी, ही बाब गंभीर ठरते. दुरुस्ती लांबल्यास मुक्कामाचा व जेवणाचा खर्च काही अंशी भरून देण्याची तरतूद काही योजनांत असते. महामार्गाच्या कडेला थांबून राहणे धोक्याचे असल्याने योग्य साधने असलेला ट्रक पहिल्याच खेपेस येणे सुरक्षिततेच्या दृष्टीने मोलाचे असते.

योजना निवडताना

पुढील बाबी करारातून तपासून घेणे हितावह असते:

• वाहनाची लांबी, वजन व वर्ग यांवर मर्यादा आहे का.
• वाहन ठरावीक अंतरापर्यंत ओढले जाईल की जवळच्या सक्षम गॅरेजपर्यंत.
• ट्रेलर किंवा मोटरहोममागे जोडलेली मोटार यांचा समावेश आहे का.
• चिखलात किंवा वाळूत रुतलेले वाहन बाहेर काढले जाईल का, आणि कच्च्या रस्त्यावर सेवा मिळेल का.
• संरक्षण व्यक्तीला आहे की विशिष्ट वाहनाला.

मर्यादा

सुट्या भागांची व नव्या टायरची किंमत सामान्यतः मालकालाच द्यावी लागते. दुर्गम भागात मोबाइलला संपर्क मिळत नसल्यास सभासदत्व असूनही मदत मागवता येत नाही. टायरमधील हवेचा दाब व टायरचे वय तपासणे, बॅटरीची निगा राखणे आणि वाहनात प्रमाणाबाहेर भार न भरणे या दक्षतेला ही सेवा पर्याय ठरत नाही.

भारतातील स्थिती

भारतात निवासवाहनांची संख्या अल्प आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. राष्ट्रीय महामार्गांवर आपत्कालीन मदतीसाठी १०३३ हा क्रमांक उपलब्ध आहे. मात्र तो सर्व वाहनांसाठी असल्याने, मदत मागताना वाहनाचे वजन, लांबी व नेमके ठिकाण सांगणे आवश्यक ठरते.