बायपासनंतरचे पुनःस्थौल्य : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

गावठाणाशेजारी उंच गृहसंकुले उभी राहिलेल्या बाळकुमसारख्या भागात, जठराची बायपास शस्त्रक्रिया होऊनही वजन पुन्हा वाढलेला रुग्ण वैद्याकडे येऊ शकतो. दुसरे शस्त्रकर्म टळावे, ही त्याची अपेक्षा असते.

प्रथम कारण शोधावे. आहारवृत्त, एंडोस्कोपी व बेरियम तपासणी यांवरून जठराची पिशवी वा तिचे आतड्याशी असलेले जोडमुख रुंदावले आहे काय, हे कळते. त्यानुसार शल्यचिकित्सक जोडमुख टाक्यांनी अरुंद करतात, पिशवी लहान करतात, तीवर पट्टा बसवितात किंवा आतड्याचा वगळलेला भाग वाढवितात. या शेवटच्या उपायात प्रथिनक्षयाचे भय अधिक. पुनःशस्त्रकर्म मुळातच पहिल्याहून जोखमीचे असते.

चरकाचार्यांनी स्थूलास गुरू परंतु अपतर्पक आहार सांगितला आहे. हा रुग्ण मात्र दिसण्यात स्थूल, तरी धातूंनी क्षीण असू शकतो. म्हणून लंघन वा तीक्ष्ण शोधन योजण्यापूर्वी हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व व प्रथिने तपासावीत. चालू असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या थांबवू नयेत. वारंवार उलट्या होत असल्यास थायमिनच्या अभावाने मेंदूस इजा संभवते. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.